रस्त्याच्या मधोमध

मिरवणूक म्हटली की मराठी माणसाचे पाय घरात ठरत नाहीत. गणपतीची असो, पालखीची असो, नाहीतर शेजारच्या वाड्यातल्या कोणाच्या तरी वरातीची असो, लांबून ढोल ऐकू आला की हातातले काम टाकून आपण दारात येतो. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. एक काम उभ्याने करायचे, दुसरे बसून. पण मिरवणूक आली की दोन्ही कामे थांबतात. तेव्हा २०२४ च्या फेब्रुवारीत, धाकट्या बहिणीच्या आग्रहाखातर बिनपगारी रजा काढून मी अमेरिकेला गेलो असता तिने विचारले, "दादा, शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोला चिनी लोकांची नववर्षाची मिरवणूक आहे, येणार का?" त्याला मी काय उत्तर दिले असेल, ते वाचकांना सांगायला नको.

निघण्याच्या आदल्या रात्री गावी अण्णांना फोन केला. माझे वडील पंच्याहत्तरीला आले आहेत. मिरवणुकीचे ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तिथे चिनी दाताचे डॉक्टर असतात का रे?"

"असतील की. का हो अण्णा? दाढ दुखते की काय?"

"छे रे. सहज विचारले." आणि फोन ठेवून दिला. म्हातारपणी माणसाच्या मनात काय येईल ते सांगता येत नाही, असे म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

बहीण राहते फ्रीमाँट नावाच्या गावी. तिथून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी आगगाडी खाडीच्या तळाखालून जाते. डोक्यावर समुद्र आणि मांडीवर थालीपिठांचा डबा, असा आमचा प्रवास झाला. बरोबर बहीण, तिचे यजमान आणि माझी नऊ वर्षांची भाची. ही भाची तिथेच जन्मलेली. मराठी बोलते, पण तिच्या मराठीला 'का' फार. "मामा, हे असे का? मामा, ते तसे का?" मास्तरच्या भाचीने असेच असावे, म्हणून मीही कंटाळत नव्हतो.

मिरवणूक संध्याकाळची. तोवर चिनी वस्ती पाहावी म्हणून आम्ही ग्रँट रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या हिरव्या कौलांच्या वेशीतून आत शिरलो. ही वेस १९७० सालची. आत गेल्यावर वर वळलेल्या टोकांची छपरे, लाल खांब, कागदी कंदील, दुकानादुकानांतून नारिंग्यांच्या राशी आणि मुलांना खाऊचे पैसे घालून द्यायची लाल पाकिटे. मेहुणे म्हणाले, "पाहिलेत दादा? हुबेहूब चीन!"

माझ्यातला मास्तर जागा झाला. कारण ही छपरे चीनमधून आलेली नाहीत, आणि त्यांची हकीकत मोठी गमतीची आहे. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे या शहरात मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ आग लागली. चिनी वस्ती साफ जळून गेली. शहराच्या मधोमध, मोक्याच्या जागेवर ही वस्ती अनेकांच्या डोळ्यांत आधीपासूनच सलत होती. राखही निवली नव्हती, तोच 'या लोकांना शहराबाहेर दूर नेऊन बसवा' असा बूट निघाला. चिनी लोक हटले नाहीत. लुक टिन इलाय नावाचा एक व्यापारी पुढे झाला. त्याने गोऱ्या वास्तुविशारदांकडून पॅगोड्याच्या घाटाच्या इमारती बांधून घेतल्या. चीन कसा असतो याची अमेरिकन मनातली जी कल्पना, तीच त्याने विटांत उभी केली. पाहायला लोक येऊ लागले, व्यापार वाढला आणि वस्ती उठवण्याची भाषा थंडावली. दुसऱ्याच्या डोळ्यांना रुचेल असे छप्पर घालायचे आणि त्याखाली आपला पाय रोवून उभे राहायचे! ही युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण संध्याकाळी तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

दुपारी तीनलाच आम्ही कर्नी रस्त्याच्या फुटपाथवर घडीची स्टुले मांडून जागा धरली. शेजारी एक वृद्ध चिनी गृहस्थ बसले होते. वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर लोकरी टोपी, मांडीवर कागदी पिशवी. त्यांनी पिशवीतून एक नारिंगे काढून भाचीच्या हातावर ठेवले. बहिणीने त्यांना थालीपीठ दिले. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिले, खाल्ले आणि दुसरे मागून घेतले. मग आमची ओळख व्हायला वेळ लागला नाही.

भाचीने लगेच विचारले, "मामा, हे लोक इथले, की तिथले?"

प्रश्न एवढासा, पण त्या शहराने त्याच्यावर शंभर वर्षे घालवली आहेत. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगभरच्या माणसांबरोबर दक्षिण चीनमधले शेतकरीही इकडे निघाले. ते या मुलखाला 'सोन्याचा डोंगर' म्हणत. आरंभी त्यांचे स्वागत झाले. १८५० मध्ये शहरातल्या सार्वजनिक समारंभांच्या मिरवणुकांतून चिनी मंडळी मानाने चालली. पुढे आगगाडीचा लोहमार्ग घालायचा होता. पूर्व आणि पश्चिम अमेरिका जोडणारा हा मार्ग १८६९ मध्ये पुरा झाला. त्याच्या पश्चिमेकडच्या भागात डोंगर फोडणाऱ्यांत दहा हजारांहून अधिक चिनी मजूर होते. काम संपले, मंदी आली, आणि कालचा कष्टाळू चिनी आज 'आमच्या पोटावर पाय देणारा' ठरला.

१८७० मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने एक नियम केला: खांद्यावरच्या काठीला टोपल्या लावून फुटपाथवरून चालायचे नाही. चिनी माणसाचे नाव त्यात कुठेही नव्हते. पण अशी कावड घेऊन कपडे आणि भाजीपाला वाहणारा माणूस त्या शहरात एकच होता. आमच्या कोकणात किंवा देशावर कोणी कावडीला बंदी घातली असती, तर ती कोणासाठी आहे हे सांगावे लागले असते का? ज्या शहराच्या फुटपाथवर मी ऐसपैस स्टूल टाकून बसलो होतो, तिथे त्या गृहस्थांच्या पणजोबांच्या पिढीला खांद्यावर ओझे घेऊन चालायची चोरी होती.

जुलै १८७७ मध्ये दंगल झाली, चिन्यांची धुलाईची दुकाने जाळली गेली. १८८२ मध्ये तर साऱ्या देशासाठी कायदाच झाला की चिनी मजुराने अमेरिकेत यायचे नाही आणि कोणाही चिन्याला नागरिक करून घ्यायचे नाही. सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा एक तरुण आचारी चीनला जाऊन १८९५ मध्ये परत आला, तर बंदरावर त्याला अडवले: तू इथला नव्हेस! तो कोर्टात गेला. १८९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या भूमीवर जन्मला तो या भूमीचा नागरिक, मग त्याचे आईबाप कुठून का आलेले असेनात.

हे सांगता सांगता मी भाचीकडे पाहिले. नारिंग्याची साल काढण्यात ती गुंग होती. कायद्याने जन्मापासून ती अमेरिकन, आणि त्या हक्कामागे एका चिनी आचाऱ्याची तीन वर्षांची कोर्टकचेरी उभी आहे. हा प्रश्न तिथे कायमचा मिटला असेही नाही. २०२५ मध्ये काही परदेशी आईबापांच्या मुलांपुरता हा हक्क काढून घेण्याचा आदेश निघाला आणि प्रकरण पुन्हा कोर्टात गेले.

वृद्ध गृहस्थ ऐकत होते. माझे बोलणे संपल्यावर ते म्हणाले, "आमच्या घरात दोन आडनावे आहेत. एक खरे, एक कागदाचे."

हे कागदाचे आडनाव काय ते सांगायला हवे. १९०६ च्या आगीत शहराच्या कचेरीतले जन्माचे दाखले जळाले. तेव्हा पुष्कळ चिनी पुरुषांनी 'माझा जन्म इथलाच' असे सांगून नागरिकत्व मिळवले. नागरिकाच्या मुलांना देशात येता येत होते. मग असा नागरिक चीनमध्ये जाऊन आला की 'मला मुलगा झाला' अशी नोंद करी आणि ती नोंद पुढे एखाद्या दुसऱ्या घरच्या मुलाला विकली जाई. तो मुलगा त्या नावाने येई. त्याला 'कागदी मुलगा' म्हणत. सरकारलाही हे ठाऊक होते. म्हणून १९१० ते १९४० या काळात खाडीतल्या एंजल बेटावर आलेल्यांना कोंडून ठेवून उलटतपासणी घेत. घराला पायऱ्या किती? विहीर कोणत्या दिशेला? गल्लीत तिसऱ्या घरात कोण राहते? उत्तर चुकले तर परतीचे जहाज. खोटे वडील, खोटे गाव आणि खोटी विहीर पाठ करून मुले बोटीत बसत आणि बंदर दिसू लागले की पाठांतराच्या वह्या समुद्रात फेकून देत. काहींना तिथे आठवडे, तर काहींना महिने काढावे लागले. त्यांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या, त्या आजही तिथे आहेत.

"माझे वडील पंधरा वर्षांचे होते," गृहस्थ म्हणाले. "जन्मभर ते कागदाच्या नावाने राहिले. कोल्मा गावच्या दफनभूमीत त्यांचा दगड आहे. त्याच्यावर इंग्रजी अक्षरांत कागदाचे आडनाव आहे आणि चिनी अक्षरांत खरे. मेल्यावर तरी खरे नाव लिहा, असे त्यांनी सांगून ठेवले होते."

वाचकहो, ही परक्यांची कथा आहे असे समजू नका. एंजल बेटाच्या त्याच बराकींतून आपले हिंदी लोकही गेले. याच शहरात १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' पत्र निघाले. त्या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. शिकायला अमेरिकेत आलेला हा पिंगळे पुढे देशासाठी परतला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर गेला. १९१७ मध्ये अमेरिकेने हिंदुस्थानलाही बंदीच्या पट्ट्यात घातले. चिन्यांवरची बंदी १९४३ मध्ये उठली, पण कशी? वर्षाला माणसे १०५! आपल्यावरची उठली १९४६ मध्ये, वर्षाला माणसे १००! एवढ्या मोठ्या दोन देशांना मिळून दोनशे पाच पाने वाढली होती. १९६५ च्या कायद्याने ती पंगत मोडली, म्हणून माझी बहीण आज फ्रीमाँटला थालीपिठे थापते आहे.

अंधार पडू लागला आणि लांबून ढोल आला. अगदी आपला ढोल! फुटपाथवरची सारी माणसे एकदम उठली. पुढे मोटारसायकलींवर पोलीस, मागे गणवेशातली बँडपथके, उघड्या मोटारींतून हात हलवणारे पुढारी, शाळाशाळांची मुले, चित्ररथ, आणि मधूनमधून दोन दोन माणसांनी मिळून नाचवलेले झुलपीवाले सिंह. भाचीच्या वर्गातली एक मुलगी कागदी कंदील घेऊन गेली, तेव्हा भाचीने आरोळी ठोकून रस्ता डोक्यावर घेतला.

मेहुणे म्हणाले, "चीनमध्येही अशीच निघत असेल, नाही?"

"अशी नाही," वृद्ध गृहस्थ म्हणाले. "ही इथली. ही निघाली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो."

तो १९५३ चा फेब्रुवारी. तोपर्यंत त्या वस्तीतले नववर्ष म्हणजे आपल्या दिवाळीसारखाच घरातला सण. घर झाडायचे, देणी फेडायची, पूर्वजांना नैवेद्य दाखवायचा, दारात फटाके लावायचे. पण १९५० पासून कोरियात युद्ध पेटले होते आणि तिथे चिनी सैनिक अमेरिकन सैनिकांशी लढत होते. इकडे चिनी वस्तीत भीती पसरली. कारण दहाच वर्षांपूर्वी, १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना याच सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना उचलून छावण्यांत ठेवले होते आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. आता आपली पाळी, असे दारादारांत कुजबुजत होते. अशा वेळी माणूस काय करतो? दार लावून आत बसतो. त्या लोकांनी उलटे केले. एच. के. वाँग आणि इतर व्यापारी मंडळींनी ठरवले की सण घरातून काढून रस्त्यावर आणायचा आणि साऱ्या शहराला पाहायला बोलवायचे. बँड अमेरिकन, चित्ररथ अमेरिकन, आणि शेवटी ड्रॅगन आपला. मिरवणुकीचा मान दिला तो कोरियाच्या लढाईत डोळे गमावून आलेल्या एका चिनी-अमेरिकन जवानाला. विटांच्या छपरांची ती जुनी युक्ती आता माणसांनी चालवली.

घरातला गणपती १८९३ नंतर चौकात कसा आला, हे दरवर्षी मुलांना शिकवणाऱ्या मास्तरला यातले मर्म समजायला वेळ लागला नाही. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्याला कोणीही ढकलते. मधोमध वाजतगाजत चालणाऱ्याला वाट द्यावी लागते.

"तुमचे वडील आले होते का पाहायला?" मी विचारले.

गृहस्थांनी मान हलवली. "नाही. कागदाचा माणूस! चार लोकांत कोणी पाहिले, विचारले तर? ते दुकानाच्या दाराआड उभे राहिले. मी मात्र ड्रॅगनच्या मागे शेवटपर्यंत पळत गेलो."

तेवढ्यात तो ड्रॅगन आला. अडीचशे फुटांहून लांब, सोनेरी, अंगावर दिवेच दिवे, आणि त्याला पेलून धावणारी शंभराहून अधिक माणसे. तो चढ उतरून वळला तेव्हा एखादी नदीच अंगावर येते आहे असे वाटले. त्याच्यामागे फटाक्यांच्या माळा फुटू लागल्या. कानठळ्या बसल्या, धूर पसरला, आणि माझ्या नाकात थेट नरकचतुर्दशीच्या पहाटेचा वास शिरला. सात समुद्रांपलीकडे फेब्रुवारीत मला दिवाळी भेटली. वृद्ध गृहस्थ काठी टेकून उभे राहिले होते. ड्रॅगन दिसेनासा होईपर्यंत ते बसले नाहीत.

रात्री घरी आल्यावर गावी फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. सारे वर्णन केले, फटाक्यांचेही केले. अण्णा हूं हूं करत होते. शेवटी मीच विचारले, "अण्णा, तुम्ही दाताच्या डॉक्टरांचे का विचारलेत?"

बराच वेळ आवाज नाही. मग ते बोलू लागले.

"आपल्या पेठेत एक चिनी दाताचा डॉक्टर होता. दुकानावर बत्तीशीचे चित्र रंगवलेली पाटी. मराठी बोलायचा. माझी पडायला आलेली दाढ त्याने काढली, आईकडून पैसे घेतले नाहीत, वर मला गोळी दिली. मग बासष्ट साल आले. युद्धात दिवाळी आली. आम्ही मुले पेठेतून घोषणा देत निघालो, मोठी माणसे मागे होती. कोणीतरी माझ्या हातात पेटती माळ दिली. मी ती त्याच्या दुकानात फेकली. तो बाहेर आला. आणि अरे, तो आधी हसला. त्याला वाटले, पोरे दिवाळी करताहेत. मग त्याने मागची माणसे पाहिली."

मी काहीच बोललो नाही.

"आठ दिवसांनी दुकानाला कुलूप दिसले. पाटी पुढे कित्येक वर्षे तशीच होती. मी त्या रस्त्याने जात नव्हतो."

मी इतिहास शिकवतो. १९६२ च्या २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झाले आणि २१ नोव्हेंबरला थांबले, आपले जवान थंडीत अपुऱ्या कपड्यांनिशी लढले आणि पडले, हे मी दरवर्षी सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. पण त्याच नोव्हेंबरपासून आसाम, बंगाल अशा भागांतून चिनी वंशाच्या सुमारे ३००० माणसांना आगगाडीत बसवून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले, हे मी कधी सांगितले नव्हते. त्यांत भारतातच जन्मलेले पुष्कळ होते, बायका होत्या, शाळेतली मुले होती. काहीजण १९६७ पर्यंत तिथे होते. सीमेवर ज्यांनी गोळी झाडली त्यांच्याशी या लोकांचे नाते एवढेच, की चेहरा तसा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिन्यांना १९५३ मध्ये ज्याचे भय वाटत होते, ते त्यांच्या वाट्याला आले नाही. नऊ वर्षांनी ते आमच्या देशात आले. दिवसभर मी अमेरिकेच्या चुका भाचीला मोजून दाखवत होतो. रात्री आमच्या घरची चूक अण्णांनी माझ्या पदरात टाकली.

त्या दिवशी फोन ठेवताना अण्णांनी विचारले, "त्या तुझ्या म्हाताऱ्याने नारिंगे दिले म्हणालास, ते गोड होते का?"

"गोड होते, अण्णा."

"बरे झाले," ते म्हणाले.

परत आल्यावर जूनमध्ये शाळा भरली. बासष्टच्या युद्धाचा विषय निघाला तेव्हा नेहमीचे सारे सांगून झाल्यावर मी पहिल्यांदाच देवळीचे सांगितले आणि नाव न घेता त्या दाताच्या डॉक्टरांचेही सांगितले. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"सर, मग ते डॉक्टर कुठे गेले?"

पेठेतल्या जुन्या माणसांना मी तोवर विचारून आलो होतो. कोणी मुंबई म्हणाले, कोणी कलकत्ता म्हणाले, कोणाला ते मुळी आठवतच नव्हते. मी खडू हातात धरून फळ्यापुढे उभा होतो आणि माझ्याजवळ लिहायला काही नव्हते.